दोनशे पाच वर्षांनी वाजायच्या घंटा

१२ मार्च

दादा,

आज चारही घंटा एकदम वाजल्या.

हे वाक्य लिहून मीच दोनदा वाचलं, तेव्हा तूही वाच. चौकातल्या मनोऱ्यावरच्या तुझ्या चारही घंटा आज सकाळी अकरा वाजून छत्तीस मिनिटांनी एकाच ठोक्याला वाजल्या. मी वर्कशॉपमध्ये मशीनवर होते. एक वाजते, दोन वाजतात, कधीमधी तीन वाजतात, त्याची आमच्या कानांना सवय आहे. पण चार म्हणजे काही वेगळंच निघालं. आवाज कानात यायच्या आधी छातीत आला. मी मशीन बंद केलं आणि तशीच तेलकट हातांनी रस्त्यावर आले, तर अख्खा रस्ता उभा होता. समोरचा किल्लीवाला कानस हातात धरून मनोऱ्याकडे बघत होता. शिंपीणबाईंच्या तोंडात टाचण्या होत्या, त्या तशाच. मग मागे कोणीतरी फिसकन हसलं, आणि मग सगळेच एकदम बोलायला लागले.

सगळे धावले ते पाटीकडे. मनोऱ्याच्या पायथ्याची पितळी पाटी, तुला आठवत असेलच. "या चार घंटा आज एकत्र वाजल्या. यानंतर त्या १०,७९,७२,७३७ मिनिटांनी, म्हणजे दोनशे पाच वर्षांनी एकत्र वाजतील. आज इथे उभा असलेला कोणीही तेव्हा नसेल." शेवटचं वाक्य तुझं. ते मला तेव्हाही आगाऊ वाटलं होतं. आज किल्लीवाल्याने ते मोठ्याने वाचलं, स्वतःला चिमटा काढला आणि म्हणाला, "मी तर आहे." लोक पोट धरून हसले. मी मात्र पाटीवरचा आकडा परत परत वाचत होते.

तो आकडा तू माझ्याकडून पाढ्यासारखा पाठ करून घेतला होतास. दहा कोटी एकोणऐंशी लाख बाहत्तर हजार सातशे सदतीस. तू म्हणायचास, ठमे, हा आकडा भारी मानी आहे. दोनपासून सुरुवात कर, शहाण्णवपर्यंत जा, एकालाही दाद देत नाही. पहिला भाग जातो तो सत्त्याण्णवने. मग एकशे एकने, एकशे तीनने, एकशे सातने. आणि त्या चौघांना पुन्हा कशानेच भाग जात नाही. अंकांची बेरीज केली तर त्रेचाळीस, आणि तिलाही कशानेच भाग जात नाही. तेवढेच दाते पाडून बाबांनी चार चाकं करायची, दर मिनिटाला प्रत्येक चाक एक दाता पुढे जाईल, एक फेरी झाली की त्याची घंटा वाजेल. चौघांनी एकदा एकत्र निघायचं आणि पुन्हा एकत्र यायचं ते चारही आकड्यांच्या गुणाकाराइतकी मिनिटं होतील तेव्हाच. त्याआधी नाही म्हणजे नाही, असं तू टेबलावर मूठ आपटून सांगितलं होतंस.

आणि आज पंचवीस वर्षांनीच आल्या की रे एकत्र. घड्याळ तर या सगळ्या काळात एक मिनिटही बंद पडलेलं नाही, बाबांनी पडू दिलं नाही. म्हणजे तुझं गणित चुकलं, दादा. तुझं. उद्घाटन होऊन महिना झाला नव्हता तोच बाबांकडे घड्याळाच्या पेटीची किल्ली मागितलीस, चाकं तपासायची होती म्हणे. स्वतःच्या बापाच्या हाताची तपासणी. बाबांनी काय चुकीचं सांगितलं होतं? ज्याला बापाच्या हातावर विश्वास नाही त्याने बापाच्या घरात जेवू नये. तू ताटावरून उठलास तो गेलासच. आई गेली तेव्हा आलास, तेही दारात उभा राहून परत फिरलास. आणि आज कळतंय की कच्चं होतं ते तुझंच.

बाबांना मोठा धक्का बसलाय. आज कधी नव्हे ते सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून बाहेरच्या पायरीवर बसले होते. घंटा वाजल्या तेव्हा सगळे वर बघत होते, ते मात्र उठले, आत गेले आणि भिंतीकडे तोंड करून पडले. ब्याऐंशीव्या वर्षी माणसाने काय काय सोसायचं.

पत्ता मावशीकडून मिळवला. उत्तर दे अथवा नको देऊस.

ठमी

२१ मार्च

दादा,

पंचवीस वर्षांनी भाऊ पत्र लिहितो आणि त्यात पाच शब्द. "गणित बरोबर आहे. दाते मोज." ना कशी आहेस, ना बाबा कसे आहेत. मी ते पत्र उलटसुलट करून बघितलं, आणखी काही असेल म्हणून. इतका राग आला की म्हटलं, मोजतेच. मोजते आणि तुझ्या तोंडावर फेकते.

बाबांकडे किल्ली मागितली. म्हणाले, हरवली. घड्याळाच्या पेटीची किल्ली कायम त्यांच्या कडदोऱ्यासारखी कमरेला, ती हरवणार कुठे? वर तेल घालायला मीच जाते गेली बारा वर्षं, त्यांचे गुडघे गेल्यापासून. पण तेल वरच्या भोकातून सोडायचं, झाकण उघडायचं नाही, हा त्यांचा नियम. धूळ बसते म्हणायचे. मी कधी विचारलं नाही. बाबांनी सांगितलं की ते शास्त्र, आपल्याकडे हेच चालत आलंय.

काल नगरपालिकेच्या इंजिनिअरसाहेबांनी कुलूप तोडायला सांगितलं. वर्तमानपत्रात आलंय ना, "गणितज्ञ चुकला" म्हणून, तेव्हा त्यांना काहीतरी केल्याचं दाखवायचं होतं. किल्लीवाल्याने दोन मिनिटांत कुलूप काढलं. मी झाकण उचललं. दादा, काय चाकं आहेत रे ती. इतकी वर्षं झाली तरी पितळ मधासारखं दिसतंय. एकेका दात्याची कड अशी की बोट फिरवलं तर अडकत नाही. मी स्वतः हेच काम करते, मला माहितीय हे किती अवघड असतं. मला बाबांचा इतका अभिमान वाटला की साहेबांसमोर डोळे भरून आले.

एका दात्यावर खडूने खूण केली आणि मोजायला बसले. पहिलं चाक एकशे सात. दुसरं एकशे एक. मनात म्हटलं, घे आता. तिसरं मोजलं, शहाण्णव आले. चुकले असेन म्हणून खूण पुसून दुसरीकडे केली. शहाण्णव. साहेबांना मोजायला लावलं. शहाण्णव. चौथ्याचे एकशे तीन हवे होते, आले एकशे चार.

तिथल्या लोखंडी जिन्यावर बसले ती बसलेच. साहेब म्हणत होते, अहो, एका दात्याने काय असं बिघडतंय? त्यांना मी तेच सांगितलं जे तू मला कधीतरी सांगितलं होतंस. एक माणूस दर चार दिवसांनी दुकानात येतो, दुसरा दर सहा दिवसांनी. त्यांची भेट चोविसाव्या दिवशी नाही होत, बाराव्यालाच होते, कारण दोघांमध्ये दोन हा सामाईक आहे. एका चाकाचाच एखादा दाता कमी असता तर फारसं काही बिघडलं नसतं. पण शहाण्णव आणि एकशे चार, दोघांनाही आठाने भाग जातो. तुझ्या मानी आकड्याच्या घरात दोन चुलतभाऊ शिरले आणि आतून दार उघडून बसले.

मग तिथेच भिंतीवर खडूने गुणाकार केला आणि त्याला आठाने भागलं. एक कोटी चौतीस लाख सत्त्याऐंशी हजार एकशे छत्तीस. हा आकडा कसला मानी, याला दोनने भाग जातो, तीनने जातो, चार, सहा, आठ, बारा, तेरा, कोणालाही हा नाही म्हणत नाही. एवढी मिनिटं म्हणजे पंचवीस वर्षं, सात महिने आणि तीन आठवडे. वर एक तास छत्तीस मिनिटं. सकाळी दहाला उद्घाटन झालं होतं. बरोबर अकरा छत्तीस येतात. मी दोनदा करून बघितलं.

आणि एक सांगते. तुझ्या हिशोबाने तीन घंटा एकत्र वाजायला हव्या होत्या वर्षातून फार तर दोनदा. वाजत होत्या नऊ वेळा. आम्ही रोज ऐकत होतो आणि कोणीही बोटांवर मोजलं नाही. मी दात्यांवर पोट भरणारी बाई, मलाही सुचलं नाही. इतका आमचा विश्वास.

तुझं गणित बरोबर आहे. तेवढं लिहायला हे पत्र. बाबांना अजून काही विचारलेलं नाही. घरी आले तेव्हा त्यांनी माझ्या बोटांवरचा खडू बघितला आणि जेवायला बसलेच नाहीत. मला भीती वाटतेय, आणि कसली ते कळत नाहीये.

ठमी

२३ मार्च

दादा,

आज विचारलं. हे तुला लिहायचं नाही असं त्यांनी मला सांगितलंय. तरी लिहितेय.

दुपारी वर्कशॉप बंद केलं आणि त्यांच्यासमोर स्टूल घेऊन बसले. मी म्हटलं, बाबा, शहाण्णव आणि एकशे चार. बस, एवढंच. त्यांनी कमरेची किल्ली काढून माझ्या हातात दिली, जणू त्याचीच वाट बघत होते. मग बोलत राहिले. मला वाटलं होतं रडतील, पण नाही. कामाची अडचण सांगावी तसं सांगत होते.

त्या वेळी आपल्याकडे चाकाचे सारखे भाग पाडायची भोकांची थाळी होती, तुला आठवेल. तिच्यावर शहाण्णव भाग अचूक पडायचे, एकशे चार अचूक पडायचे. सत्त्याण्णवला ती थाळी निरुपयोगी. असा आकडा हाताने भागावा लागतो, कागदाची पट्टी आखून, ती चाकाभोवती गुंडाळून. केसाएवढी चूक प्रत्येक दात्यात होते आणि सगळी जमून शेवटच्या दात्यावर येते. एकशे एक जमलं. एकशे सातही जमलं. सत्त्याण्णव आणि एकशे तीनचा शेवटचा दाता दर वेळी बारीक यायचा. बारीक दाता म्हणजे सहा महिन्यांत मोडणार. पितळ संपत आलेलं, उद्घाटन तोंडावर, आणि तू रोज येऊन विचारायचास, झालं का, झालं का. त्यांनी थाळी लावली आणि जे सरळ पडत होतं ते पाडलं. म्हणाले, दोनशे वर्षांनी कोण येतंय मोजायला. झाकली मूठ सव्वा लाखाची.

उद्घाटनानंतर त्यांनी एकट्याने बसून हिशोब केला. तुझा आकडा सांगणारी पाटी खाली, आणि खरा आकडा त्यांच्या डोक्यात. मी विचारलं, मग घाबरला नाहीत? तर म्हणाले, "मी तेव्हा सत्तावन्नचा होतो. माझे वडील साठीत गेले, आजोबाही साठीतच. म्हटलं, पंचवीस वर्षं कोण जगतंय. सुटलो."

दादा, मला हसू आलं. खरंच आलं. स्वतःची चूक कधी बाहेर पडणार ते तास-मिनिटासकट माहीत असलेला माणूस, आणि तोवर आपण मरू या भरवशावर बसलेला. आणि मरणच चुकलं. म्हणून त्या दिवशी इस्त्रीचा शर्ट. म्हणून पायरीवर बसणं. पण माझं हसू तोंडावर होतं तेवढ्यात ते पुढचं बोलले, आणि मला वाटलं माझ्या बुडाखालचं स्टूल कोणी काढून घेतलं.

ते म्हणाले, "तो किल्ली मागत होता. त्याने झाकण उचललं असतं तर न मोजताच ओळखलं असतं. म्हणून भांडण काढलं."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, भांडण झालं, बाबा, तुम्हाला त्याचा राग आला होता. त्यांनी मान हलवली. राग नव्हता. राग आणला होता. तू किल्ली मागितलीस ती साधीच, तेल नीट पोचतंय का बघायला. हे मला आज कळलं. हातावरचा विश्वास, ताट, घर, ही सगळी वाक्यं त्यांनी आदल्या दिवशी मशीनवर उभं राहून जुळवली होती. तुला चांगले ओळखून होते, मानी आहे, एवढं ऐकलं की उठेल. दोन-तीन महिन्यांत परत येईल, तोवर नवी चाकं पाडून बदलू, असा त्यांचा बेत.

मी विचारलं, मग बदलली का नाहीत? ते म्हणाले, "पाडली. शेवटचा दाता बारीक आला."

किती वेळा, ते मी विचारलं नाही. मागच्या खोलीत पितळेच्या तुकड्यांची पेटी आहे, मला ती भंगार वाटायची. मग आई आजारी पडली. मग वाटलं, आता बदलली तर लोक विचारतील का बदलली. मग सवयच झाली. आईला माहीत नव्हतं. ती शेवटपर्यंत म्हणत होती, पोराला इतका अहंकार कुठून आला. आणि ते तिच्या उशाशी बसून ते ऐकत होते, दादा. त्यांनी दोन चाकांसाठी मुलगा दिला, आणि बायकोला तो दोष पोरावर ठेवून जाऊ दिलं.

हे लिहिताना मी दर ओळीला थांबतेय आणि भिंतीकडे बघतेय. ज्या माणसाची बाजू घेऊन मी तुझ्याशी बोलणं टाकलं तो माणूस शेजारच्या खोलीत खोकतोय, आणि त्याचा खोकला तोच आहे, कालचाच. मला वाटलं होतं खोकलासुद्धा बदलेल.

तुझ्यावर ओरडून लिहिलेलं पहिलं पत्र फाडून टाक.

ठमी

२ एप्रिल

दादा,

तुझ्याकडून काही आलेलं नाही. मी वाट बघत नाहीये असं लिहिणार होते, पण बघतेय.

पाच दिवसांपूर्वी नगरपालिकेत सभा होती. विषय तुझी पाटी. वर्तमानपत्राने तुझं नाव गाजवलंय, तेव्हा पाटी काढायची आणि "गणितातील त्रुटीमुळे" असं दोन ओळींत लिहून विषय संपवायचा, असा ठराव साहेबांनी आणला होता. दाते त्यांनी स्वतः मोजलेत, तरीही. म्हणाले, म्हातारपणी तुमच्या वडिलांना कशाला त्रास, मुलगा तर बाहेरगावीच आहे. चांगुलपणाने म्हणाले. मी उठून बोलणार होते. त्याआधी बाबा उठले.

मी त्यांना यायला सांगितलं नव्हतं. खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि सांगितलं. मुलाचं गणित बरोबर होतं, चाकं मी चुकवली, जाणूनबुजून चुकवली, लपवली, आणि लपवण्यासाठी त्याला घालवला. शेवटचंही सांगितलं, दादा. भरल्या सभेत. आवाज कापत नव्हता. सांगून होईपर्यंत त्यांनी खुर्चीची पाठ सोडली नाही.

मला वाटलं, आता फुटेल. कोणीतरी काहीतरी फेकेल, निदान तोंड फिरवेल. मी पदर खोचून तयार होते. आणि मागून शिंपीणबाई म्हणाल्या, "अहो काका, बरंच झालं की. तुम्ही नीट केलं असतं तर आम्हाला कुठल्या ऐकायला मिळायला त्या?"

लोक हसले. कोणीतरी टाळी वाजवली, मग सगळ्यांनी वाजवल्या. किल्लीवाला म्हणाला, माझी आई त्या दिवशी अंथरुणातून उठून खिडकीशी आली होती. एक बाई म्हणाल्या, माझ्या नातीला पुढच्या वेळी ऐकवीन. अध्यक्षांना तर कल्पनाच सुचली. चाकं आहेत तशीच ठेवायची, जुनी पाटी काढायची आणि नवी लावायची: दर पंचवीस वर्षांनी चार घंटा. खाली बाबांचं नाव. ठराव एकमताने झाला. तुझ्या गेलेल्या वर्षांबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही. त्यांनी तो भाग ऐकला होता, पण घरगुती बाब म्हणून सोडून दिला.

मी नवी चाकं पाडून नेली होती, सत्त्याण्णवचं आणि एकशे तीनचं. आताच्या मशीनवर आकडा टाकला की झालं, चहा गार व्हायच्या आत दोन्ही तयार. शेवटचा दाता पहिल्याइतकाच जाड. पिशवीतून काढलीच नाहीत.

घरात आल्यावर बाबा चपला काढायचं विसरून तसेच कॉटवर बसले. मी पाणी दिलं, ते हातात धरून ठेवलं. मग म्हणाले, "कोणी रागावलंच नाही गं."

मी खाली बसून त्यांच्या चपला काढल्या. ते पुन्हा म्हणाले, "मी सांगितलं असतं तर तेव्हाही हसलेच असते का?" आणि माझ्याकडे बघत राहिले. मला ते उत्तर माहीत आहे आणि त्यांनाही माहीत आहे. हसले असते, दादा. तू सुद्धा दोन दिवस फणफणला असतास, मग स्वतः पट्टी आखून द्यायला बसला असतास. ज्याला घाबरून त्यांनी तुला घालवलं ते काही नव्हतंच. तेव्हापासून ते जेवत नाहीयेत. देते त्यातले घास-दोन घास खातात, मग ताट सरकवतात. डॉक्टर म्हणतात, शरीरात काही बिघाड नाही.

मी रागावून बघितलं. पण मी रोज त्यांची औषधं काढते, पाय चेपते, माझ्या रागाला काही दम राहत नाही, आणि त्यांनाही तो पुरत नाही. गावाने तर एका टाळीत मोकळं केलं, आणि त्या मोकळं होण्यानेच ते मोडलेत. आयुष्यभर ज्याची वाट बघितली तो मार त्यांना मिळालाच नाही.

म्हणून ये. समेट करायला ये, असं मी म्हणत नाहीये. माफ तर मुळीच करू नकोस, माफ करणारे इथे पैशाला पासरी झालेत. तू ये आणि रागाव. दारात उभा राहून परत फिरू नकोस, आत ये, त्यांच्यासमोर बस आणि जे पंचवीस वर्षं बोलायचं होतं ते सगळं बोल, मोठ्याने बोल. ज्याला रागवायचा हक्क आहे असा माणूस त्यांना एकच उरलाय, आणि तो आला की ते जेवतील असं मला वाटतं.

ठमी